तारखेआधीचे तीन दिवस

आमच्या जिल्ह्याचं नाव मी सांगणार नाही. सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही. विदर्भातला आहे, एवढं पुरे. मी हेमलता गोतमारे. वय चोपन्न, गुडघे दुखतात, तोंड फटकळ आहे. माझ्या कपाटात एक ढाल आहे, 'उत्कृष्ट समन्वय' असं कोरलेली. ती मी भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. का, ते सांगते.

माझं काम तीन दारांमधलं: जेल, कोर्ट आणि मनोरुग्णालय. ही तीन कार्यालयं पूर्वी एकमेकांकडे पाठ करून बसलेली असायची. एखाद्या कच्च्या कैद्याचं डोकं फिरायला लागलं की जेलने पत्र लिहायचं, कोर्टाने आदेश द्यायचा, पोलिसांनी गार्ड द्यायचा, आणि मग कुठे एकशे ऐंशी किलोमीटरवरच्या रुग्णालयात गाडी निघायची. तीन आठवडे सहज जायचे. त्या तीन आठवड्यांत बराकीत मी दोन माणसं गमावली. एकाचं वय चोवीस, दुसऱ्याचं एकेचाळीस. दोघांची नावं मला आजही झोपेतून उठवून विचारा, सांगेन.

मग टिकली आली. सरकारी नाव लांबलचक होतं, ते कुणी घेतलंच नाही. नखाएवढी, कातडीच्या रंगाची चकती. मानेवर मागच्या बाजूला चिकटवायची. बराकीतले बंदी तिला टिकली म्हणायला लागले, मग आम्हीही.

यातलं विज्ञान अवघड नाही. मनाचा आजार एका क्षणात उलटत नाही. आधी तीन-चार दिवस शरीर चुगली करायला लागतं. झोपेचे तुकडे होतात. बोलण्यातला चढउतार सपाट होतो आणि दोन शब्दांमधली थांबायची जागा लांबते. ताणाचं जे रसायन सकाळी घामात वाढतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं, ते उतरतच नाही. नाडीचे ठोके निरोगी माणसात जरा मागेपुढे पडतात, ते घड्याळासारखे एकसारखे पडायला लागतात. यातली एखादी गोष्ट तुम्हाआम्हालाही होते. चारही एकदम व्हायला लागल्या की समजावं, काहीतरी येतंय. टिकली हे चोवीस तास टिपते, आणि हजारो रुग्णांच्या नोंदींवर शिकलेलं यंत्र त्यातून एक आकडा काढतं, शून्य ते शंभर. साठच्या वर गेला, तर बहात्तर तासांत आजार उलटायची दाट शक्यता.

आकडा साठ ओलांडला की तिन्ही कार्यालयांच्या पडद्यांवर एकाच वेळी दिसणार, आदेश आपोआप निघणार, आणि चार तासांत माणूस गाडीत बसणार. हा चार तासांचा नियम माझा. मुंबईला चार खेपा घालून, दोन सचिवांशी भांडून मी तो करून घेतला. रुग्णालयात आकडा दहा दिवस चाळीसच्या खाली राहिला, की माणूस परत जेलमध्ये. साठच्या वरच्या माणसापुढे कोर्टात आरोप वाचायचा नाही, कारण तो भानावर नाही असं समजायचं. आणि रुग्णालयातले दिवस कैदेत धरायचे नाहीत, कारण तिथे तो कैदी नाही, रुग्ण आहे. कागदावर सगळं किती माणुसकीचं दिसतं.

खोटं कशाला बोलू, पहिली तीन वर्षं आमच्या बराकीत एकही माणूस दगावला नाही. ढाल त्याचीच. मी रडले होते ती घेताना.

श्रावण लांजेवार माझ्याकडे आला तेव्हा तेहेतीस वर्षांचा होता. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला. बाविसाव्या वर्षापासून त्याच्या कानात आवाज यायचे, गोळ्या चालू असल्या की नाही यायचे. दुकानाच्या मालकाचं गोदाम जळालं आणि मालकाने पोलिसांना सांगितलं, हाच तो, डोक्याने कमी आहे. पोलिसांनी त्याचे भाजलेले हात पाहिले आणि त्यांचं काम तिथेच संपलं.

ते हात मी पाहिले आहेत. दोन्ही तळव्यांवर आडव्या सरळ रेषा, एकीखाली एक. शटरच्या पट्ट्यांच्या. आत म्हातारा चौकीदार झोपलाय असं समजून श्रावण बाहेरून तापलेलं शटर वर उचलत होता. चौकीदार त्या दिवशी पुतणीच्या लग्नाला गेला होता, हे त्याला काय माहीत. ज्याने आग आतून लावली तो बाहेरून शटर कशाला उचलेल? हे पाचवीतल्या पोराला कळेल. पण ते सांगायचं कुठे, तर कोर्टात, आणि कोर्टात आधी आरोप वाचून दाखवावा लागतो, त्यासाठी आरोपी समोर उभा आणि भानावर लागतो. त्याच्याआधी वकील काय आणि मी काय, कुणीही काही मांडू शकत नाही.

श्रावणने एक वाक्य तयार ठेवलं होतं. मला तो ते दर भेटीत म्हणून दाखवायचा, शाळेत कविता म्हणतात तसं, हात पुढे करून. "साहेब, माहे हात पाहा." बस, एवढंच. आणि एक पांढरा शर्ट. त्याची बहीण वनमाला ब्लाउज शिवायची, तिने तो खास तारखेसाठी शिवला होता. श्रावण तो पिशवीत घडी घालून ठेवायचा. बराकीत दुसऱ्यांना तो त्या पिशवीला हातसुद्धा लावू द्यायचा नाही.

चार वर्षांत तो शर्ट त्याने एकदाही कोर्टात घातला नाही. अकरा तारखा पडल्या. अकराही वेळा तारखेआधी आकडा साठच्या वर गेला आणि माझ्या चार तासांच्या नियमाने गाडी येऊन त्याला घेऊन गेली. रुग्णालयात दोन आठवड्यांत आकडा खाली, मग परत जेल, मग नवी तारीख.

रुग्णालयातले डॉक्टर इंगोले भले माणूस. अकराव्या खेपेनंतर त्यांचा फोन आला. म्हणाले, "हेमलताताई, हा माणूस इथे आला की दुसऱ्या दिवशी ठणठणीत असतो. मी याला अजून किती वेळा बरा करू?"

मग मी जे पहिल्या वर्षीच करायला हवं होतं ते केलं. श्रावणचा चार वर्षांचा आलेख काढला आणि त्याच्याखाली तारखा लिहिल्या. दरवेळी बरोबर तीन दिवस आधी आकडा चढायला लागलेला. तीन दिवस का? तर आमच्या जेलमध्ये तारखेच्या तीन दिवस आधी शिपाई बराकीत कोर्टाची यादी मोठ्याने वाचतो. पूर्वी ही पद्धत नव्हती. पहाटे उठवून म्हणायचे, चल, तुझी तारीख आहे. माणसाला तोंड धुवायलाही सवड नसायची. ही माणसं काय गुरं आहेत का, असं म्हणून तीन दिवस आधी यादी वाचायची पद्धत कुणी पाडली? मीच.

यादीत नाव आलं की श्रावण झोपायचा नाही. पडल्या पडल्या ते एक वाक्य घोकायचा. घाम यायचा, बोलताना मध्येच थांबायचा, कारण शब्द मोजून बोलत असायचा. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्ही नसतं केलं? चार वर्षांत एकदा बोलायची संधी येणार म्हटल्यावर कोण गाढ झोपेल? यंत्राला ते आजार उलटण्यासारखंच दिसायचं. बाकीचे बंदी पोचलेले होते, त्यांना तारखेचं काहीच वाटेनासं झालं होतं, म्हणून त्यांचा आकडा चढायचा नाही. श्रावणला अजून वाटत होतं.

पूर्वीच्या ढिसाळ कारभारात हे कधी झालंच नसतं, हे लक्षात आलं तेव्हा मी डोकं धरून बसले. तेव्हा आकडा नव्हता आणि असता तरी गाडी यायला तीन आठवडे लागायचे. तेवढ्यात तारीख होऊन गेली असती. घाबरलेला, अर्धवट झोपलेला श्रावण कोर्टात उभा राहिला असता, अडखळत का होईना, हात दाखवून मोकळा झाला असता. मी कारभार सुधारला आणि त्याचं दार बंद झालं.

टिकलीचं सगळं बघणाऱ्या राज्याच्या कक्षाला मी लिहिलं. दोन महिन्यांनी सभ्य उत्तर आलं. यंत्र रुग्णालयातल्या रुग्णांच्या नोंदींवर शिकलेलं आहे, त्या रुग्णांना कोर्टाच्या तारखा नव्हत्या, त्यामुळे असा फरक यंत्राला करता येत नाही, सुधारणा पुढच्या टप्प्यात, साधारण दोन वर्षांनी. मग मी इंगोल्यांच्या मागे लागले, याच्यापुरती साठची मर्यादा ऐंशी करा, एक सही द्या. त्यांनी मला त्या दोन मेलेल्या माणसांची नावं विचारली. मी सांगितली. म्हणाले, तिसरं नाव माझ्या सहीने जोडू नका. मला राग आला, पण त्यांचं काय चुकलं होतं?

तेव्हा मला ती युक्ती सुचली. मला तर तेव्हा ती फार हुशारीची वाटली होती.

बाराव्या तारखेला श्रावणचं नाव यादीत वाचायचंच नाही. त्याला कळलंच नाही तर तो झोपेल, आकडा चढणार नाही, आणि कोर्टात गेल्यावर दहा मिनिटांत काम होईल. तुरुंगाधिकारी भोंडे साहेब तयार झाले. त्यांनाही त्या गाडीच्या खेपांचा वैताग आला होता. वनमालाला सांगावं का, हा प्रश्न होता. ती दर गुरुवारी भेटीला यायची, आणि तिच्या पोटात काही राहायचं नाही. भावाकडे नुसतं बघितलं असतं तरी त्याने ओळखलं असतं. म्हणून तिलाही नाही सांगितलं. तिने विचारलं तेव्हा मी म्हणाले, तारीख पुढे गेली आहे. ती म्हणाली, बरं जी, आणि डबा घेऊन निघून गेली.

तारखेच्या सकाळी मी स्वतः जेलमध्ये गेले. श्रावण फाटकाशी आला. अंगात चौकड्याचा जुना शर्ट, वरचं बटण तुटलेलं. कुठे जायचं, त्याने विचारलं. मी सांगितलं, हाताचा डॉक्टर बघणार आहे तुला.

का मी नेमकं तेच सांगितलं? दात सांगता आला असता, डोळे सांगता आले असते. पण हाताचं म्हटलं की तो एका पायावर तयार होईल हे मला माहीत होतं, म्हणून ते तोंडातून निघून गेलं. तो खूश झाला. हाताचा कागद मिळेल का, म्हणाला, कोर्टात दाखवायला कामी येईल. परत आत जाऊन साबणाने हात धुऊन आला. गाडीत सगळा वेळ त्याने हात मांडीवर उताणे ठेवले होते. माझ्या फोनवर त्याचा आकडा छत्तीस होता. मी मनातून हरखले होते.

कोर्टाच्या फाटकात गाडी वळली तेव्हा त्याने बाहेर पाहिलं. पायऱ्या चढताना बेचाळीस. आत न्यायाधीश बाईंच्या डाव्या हाताला पडदा असतो, त्यावर टिकलीवाल्या आरोपीचा आकडा सगळ्यांना दिसतो. नाव पुकारलं, तो पिंजऱ्यात उभा राहिला. एकोणपन्नास. त्याने मान वळवून मला शोधलं.

"मॅडम, आज तारीख हाय का?"

मी मान हलवली.

"वनमालाले माहीत हाय?"

मी नाही म्हणाले. न्यायाधीश बाईंनी घाईने वाचायला सुरुवात केली, त्यांनाही मी आधीच विनंती केली होती. अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, गोदामास आग लावून. श्रावण त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो आपल्या तुटलेल्या बटणाच्या जागी बोट फिरवत होता. चार वर्षं घोकलेलं वाक्य त्याच्या तोंडापर्यंत आलेलं मी पाहिलं, ओठ हलले, आणि तिथेच थांबले. मग तो अगदी हळू म्हणाला, आज नको साहेब, मी शर्ट नाही घातला. पडद्यावर अठ्ठावन्न होतं. मग त्रेसष्ट झालं. न्यायाधीश बाईंनी हातातला कागद खाली ठेवला आणि पुढची तारीख दिली. साडेतीन तासांत रुग्णालयाची गाडी कोर्टाच्या मागच्या दारात उभी होती. नियमापेक्षा अर्धा तास आधी.

गाडीत चढताना तो माझ्याशी एकच गोष्ट बोलला. आवाजात राग नव्हता, रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"सारे खोटं बोलत होते जी. तुम्ही नव्हत्या बोलत."

त्यानंतर दीड महिना मी वनमालाला तोंड दाखवलं नाही. तिला मीच सगळं खरं कळवलं होतं, फोनवर. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

श्रावण रुग्णालयातून परत आला तेव्हा आकडा एकोणीस होता. इंगोले म्हणाले, इतका खाली मी याचा कधी पाहिला नाही, नवीन गोळी लागू पडलेली दिसते. मलाही क्षणभर तसंच वाटलं, माणूस आहे, वाटतं. तेराव्या तारखेच्या तीन दिवस आधी शिपायाने यादी वाचली, नाव मोठ्याने घेतलं. मी तेव्हा भोंडे साहेबांच्या खोलीत पडद्यासमोर बसले होते. वीस. अठरा. एकोणीस. शिपायाला विचारलं, त्याने ऐकलं का? म्हणाला, ऐकलं, पण जेवत होता, मान वर केली नाही.

मी त्याला बोलावून घेतलं. सांगितलं, श्रावण, मंगळवारी खरंच तारीख आहे. वनमालाला माहीत आहे. ती येणार आहे. तो बरं म्हणाला. मी म्हणाले, माझं चुकलं रे, मला माफ कर. तो माझ्याकडे असं पाहत होता, जसं मी हवापाण्याबद्दल बोलतेय. म्हणाला, होते जी असं. मी म्हटलं, ते वाक्य आठवतं ना तुला? एकदा म्हणून दाखव. त्याने आठवल्यासारखं केलं, मग म्हणाला, आहे ध्यानात. म्हणून मात्र दाखवलं नाही. हात टेबलाखाली होते.

शरीर चुगली करतं, ते माणसाला अजून काही हवं असतं तोवर. काहीच नको असलेला माणूस गाढ झोपतो, वेळेवर जेवतो, त्याचा घाम संध्याकाळी शहाण्यासारखा उतरतो. यंत्र त्याला बरा झाला म्हणतं. मी पंचवीस वर्षं या कामात आहे, मला फरक कळत होता. पण तो मांडायचा कुठल्या रकान्यात? आकड्याच्या पुढे शेरा लिहायची जागाच मी ठेवली नव्हती. माणसाच्या मतामुळे उशीर होतो म्हणून मीच ती काढायला लावली होती.

मंगळवारी वनमाला आमच्या आधी कोर्टात पोचली होती. शर्ट त्याच्याच पिशवीत होता, तो तिने काढून, झटकून त्याला चढवला. त्याने लहान मुलासारखे हात वर केले. चार वर्षांपूर्वीच्या मापाचा, गळ्याशी ढिला झालेला. तिने सगळी बटणं लावली, वरचंसुद्धा. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

पडद्यावर एकोणीस. सरकारने दिलेली वकील नवीनच होती, बिचारी धावपळ करत आलेली. तिने त्याच्या कानात सांगितलं, नाकबूल म्हणा आणि हात दाखवा. त्याने मान हलवली. न्यायाधीश बाईंनी सावकाश वाचलं, या वेळी कुणाला घाई नव्हती. गुन्हा कबूल आहे का, असं विचारलं.

"कबूल," श्रावण म्हणाला.

वकील बाई चमकून उभी राहिली. न्यायाधीश बाईंनी कायद्याप्रमाणे त्याला समजावून सांगितलं, याचा अर्थ काय, शिक्षा काय होईल, कुणी दबाव आणलाय का. त्यांनी तीनदा विचारलं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. तिन्ही वेळा तो कबूल म्हणाला, एकाच सुरात. पडद्यावरचा आकडा हललासुद्धा नाही.

मी उठून उभी राहिले. समन्वयकाला कोर्टात बोलायचा अधिकार नसतो, तरी बोलले. मॅडम, त्याच्या तळहातांवर शटरच्या खुणा आहेत, एकदा बघा. न्यायाधीश बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आरोपीने स्वतः दाखवले तर मी जरूर बघेन. मग श्रावणला विचारलं, काही दाखवायचं आहे का?

सगळे त्याच्याकडे पाहत होते. वनमाला मागच्या बाकावरून अर्धी उठली होती. ज्या क्षणासाठी तो माणूस चार वर्षं जागला, तो क्षण त्याच्यापुढे आयता आणून ठेवला होता, तोही शांतपणे, मापातल्या आकड्यात.

"नाही जी," तो म्हणाला. हात त्याने पाठीमागे बांधले होते.

चार वर्षांची शिक्षा झाली. जेलमधले दिवस वजा केले, रुग्णालयातले धरले नाहीत. सात महिने उरले. निकालपत्रात एक वाक्य आहे: आरोपी पूर्ण भानावर असल्याची खात्री यंत्राच्या नोंदीवरून करण्यात आली. कक्षाकडून पंधरा दिवसांनी पत्र आलं, तेरा तारखांचं प्रकरण मार्गी लावल्याबद्दल अभिनंदनाचं. ते मी त्याच कपाटात ठेवलं.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर वनमाला माझ्याजवळ आली. पोलिसांनी त्याला गाडीत बसवलं होतं. शर्ट त्याने काढून तिच्याकडे परत दिला होता, आणि ती तो पिशवीत घालायचा विसरून तसाच हातात धरून उभी होती. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती माझ्याशी बोलत होती.

"मॅडम, आज तो बरा होता ना जी?"

आता हिच्याशी खोटं बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणून पडद्यावर जे होतं तेच सांगितलं. आकडा एकोणीस होता, वनमाला. इतका बरा तो कधीच नव्हता.